पाठमोरं बसण्याचे दिवस

कन्व्हर्टिबल कार सीटच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला असतो तो वजनाचा पल्ला. ‘० ते १८ किलो’. महागातली असेल तर ‘० ते ३६ किलो’. आईबाप तो वाचतात आणि मनातल्या मनात भागाकार करतात: एवढे हजार रुपये, भागिले चार वर्षं, म्हणजे तसं काही महाग नाही. भागाकार बरोबर असतो. पण सीट ज्या आकड्यावर निवडायची तो आकडा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, कधी कधी तर आतल्या माहितीपुस्तिकेचं पाचवं पान उलटल्यावर सापडतो. मूल पाठमोरं बसवून ही सीट किती किलोपर्यंत, किती उंचीपर्यंत चालते?

कन्व्हर्टिबल म्हणजे एकच सीट दोन्ही दिशांनी वापरता येणारी. आधी ती गाडीच्या मागच्या सीटवर अशी बसवायची, की बाळाचं तोंड मागच्या काचेकडे आणि पाठ ड्रायव्हरकडे. मूल वाढलं की तीच सीट फिरवून पुढे तोंड करायची. नुसत्या तान्ह्या बाळांसाठी हँडलची, टोपलीसारखी उचलून घरात नेता येणारी सीटही मिळते, पण ती साधारण वर्षा-दीड वर्षात तोकडी पडते. कन्व्हर्टिबल एकदा बसवली की गाडीतच राहते. ही सीट कधी फिरवायची, हाच या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. बाकीचे प्रश्न, म्हणजे कापड कुठलं, कप ठेवायला खोबण आहे का, रंग कुठला, ते दुकानदाराशी बोलता बोलता सुटतात.

मुळात सीट हवीच कशाला, आईच्या मांडीवर मूल असतंच की, असं म्हणणारे फक्त आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेत मुलांना गाडीत सुरक्षित बसवण्याची सक्ती करणारं पहिलं राज्य टेनेसी. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी पाठपुरावा केला म्हणून तो कायदा १९७८ मध्ये लागू झाला. पण आमदारांनी त्यात एक फट ठेवली. मूल कुणाच्या हातात असेल तर सीट नको. सँडर्स या दुरुस्तीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत, आणि १९८१ मध्ये ती काढून टाकायला लावूनच ते थांबले.

त्यांच्या रागामागचं गणित शाळेतलं आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीचा भार तेवढ्यापुरता साधारण २० पट होतो. दहा किलोचं मूल म्हणजे दोन क्विंटल. बाजार समितीतला हमालसुद्धा दोन क्विंटलचं पोतं अंगावर फेकलेलं असताना झेलू शकणार नाही, आणि इथे तर आधी सूचनाही मिळत नाही. सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतो. त्यातून मूल मांडीवर असेल आणि आईने पट्टा लावलेला नसेल, तर ती स्वतःच मुलावर जाऊन आदळते. एकच पट्टा दोघांभोवती घेतला तर तिचा सगळा भार त्या पट्ट्यासकट मुलाच्या पोटात जातो.

आता पाठमोरं का, ते पाहू. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. एवढं जड डोकं ज्या मानेवर तोललेलं असतं तिचे मणके अजून अर्धे कूर्चेचे असतात, त्यांचं पूर्ण हाड व्हायला कित्येक वर्षं लागतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाची गाडी समोरून आदळली, की खांद्यावरचे पट्टे धड धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे ओढलं जातं. हा सगळा ओढा मानेवर येतो. पाठमोऱ्या मुलाच्या बाबतीत डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. मानेला एकटीला काही धरून ठेवावं लागत नाही. मागून कुणी ठोकलं तर मग उलटं होणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. होतं, पण मागून बसणाऱ्या धडका बहुधा कमी जोराच्या असतात, कारण दोन्ही गाड्या एकाच दिशेने चाललेल्या असतात. जीवघेण्या अपघातांमध्ये समोरून आणि बाजूने बसणाऱ्या धडका जास्त.

ही युक्ती स्वीडनची. १९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी ज्या सीटा निघाल्या त्यांचा हेतू मूल उंच बसावं, खिडकीबाहेर पाहावं आणि ड्रायव्हरच्या अंगावर चढू नये, एवढाच होता. बर्टिल आल्डमान या स्वीडिश डॉक्टरांनी जेमिनी यानातले अंतराळवीर कसे पाठीवर रेलून बसतात, वेग बदलताना येणारा भार सगळ्या पाठीवर कसा वाटला जातो, हे पाहिलं आणि मुलांना तसंच बसवलं तर, असा विचार केला. त्यांच्या पाठमोऱ्या सीटची चाचणी १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत झाली. पुढे ते गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसवायची पद्धतच पडली. तिथल्या ‘प्लस टेस्ट’ या ऐच्छिक चाचणीत मानेवरचा ताण मोजतात, आणि मर्यादा इतकी कडक आहे की पुढे तोंड केलेल्या सीटला ती पाळणं जवळपास अशक्यच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘पाठमोरी सीट पाचपट सुरक्षित’ हे वाक्य तुम्हाला विक्रेत्याकडून, एखाद्या उत्साही मामेबहिणीकडून किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकायला मिळेल. ते आलं २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातून. त्याच्या आधारावर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ मध्ये ‘दोन वर्षांपर्यंत पाठमोरं’ असा सल्ला दिला. नंतर इतरांनी तीच आकडेमोड करून पाहिली तर ती जुळेना. २०१८ मध्ये तो अभ्यास मागे घेण्यात आला. अपघातात जखमी झालेली त्या वयाची मुलं नोंदींत मुळात इतकी थोडी होती, की त्यांच्यावरून पाचपट काय, कितीपट हेही ठरवता येत नव्हतं. त्याच वर्षी संघटनेने दोन वर्षांची अट काढून टाकली आणि लिहिलं: सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत, जेवढे दिवस जमेल तेवढे दिवस, मूल पाठमोरं ठेवा. पाचपटीचा आकडा गेला. मानेचे मणके, चाचण्यांमधल्या बाहुल्यांच्या मानेवर मोजलेला ताण आणि स्वीडनचा अर्धशतकाचा अनुभव जागच्या जागी राहिला. मला हा बदललेला सल्ला जास्त पटतो, कारण तो वाढदिवस मोजायला लावत नाही. सीट आणि मूल यांच्याकडे पाहायला लावतो.

आणि इथेच खोक्यावरचे आकडे घोटाळा करतात. आपल्याकडे दुकानांत अजून ज्या सीटा जास्त दिसतात त्या युरोपच्या जुन्या ‘आर ४४’ नियमाप्रमाणे बनलेल्या. त्या नियमात मुलांचे वजनावरून गट पाडलेत: ‘शून्य प्लस’ म्हणजे १३ किलोपर्यंत, ‘एक’ म्हणजे ९ ते १८ किलो. दोन्ही गट एकाच सीटमध्ये असले की खोक्यावर लिहितात: पाठमोरं १३ किलोपर्यंत, पुढे तोंड ९ किलोपासून. आता जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता पाहा. बाळाच्या लसींच्या नोंदींसाठी जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं त्यातही तो असतो, आणि बहुतेक घरांत त्याच्यावर दर महिन्याला टिंब मांडायचं राहून गेलेलं असतं. त्या तक्त्यात मधल्या रेषेवरचा मुलगा नवव्या-दहाव्या महिन्यातच ९ किलोचा होतो. एक वर्षाला मुलगा ९.६, मुलगी ८.९. म्हणजे अजून धड उभं न राहणारं बाळ खोक्याच्या हिशेबाने पुढे तोंड करायला ‘पात्र’ ठरतं. ती परवानगी आहे, मुदत नव्हे. दुकानदार मात्र ‘नऊ किलो झालं की फिरवा’ असं सांगून मोकळा होतो.

तोच तक्ता आणखी वर वाचला की १३ किलोचा अर्थ कळतो. मधल्या रेषेवरची मुलं अडीच वर्षांच्या आसपास १३ किलोला पोचतात, आणि १८ किलोला पाच वर्षांची होता होता. आपल्याकडची पुष्कळ मुलं त्या रेषेच्या खालीच असतात. आजीच्या जिवाला त्याचा घोर असतो, पण सीटच्या बाबतीत ते सोयीचं: १३ किलोची मर्यादासुद्धा त्यांना आणखी काही महिने पुरते. तेव्हा दोन सीटांमध्ये निवड करायची असेल, एक १३ किलोपर्यंत पाठमोरी आणि दुसरी १८ किलोपर्यंत, तर बाकी सगळं सारखं असताना दुसरी घ्यावी. ‘० ते ३६ किलो’वाली घेताना हे आणखी बारकाईने पाहावं, दहा-बारा वर्षांचं आश्वासन देणाऱ्या काही सीटा पाठमोऱ्या मात्र १३ किलोलाच संपतात.

नवा नियम ‘आर १२९’, ज्याला ‘आय-साइज’ या नावाने ओळखतात, २०१३ पासून आला. त्यात मुलाची उंची हे मुख्य माप आहे, बाजूच्या धडकेचीही चाचणी आहे आणि १५ महिने पूर्ण व्हायच्या आत मूल पुढे तोंड करून बसवायला मनाई आहे. ‘४० ते १०५ सेंटिमीटर’ पाठमोरी चालणारी सीट मिळाली, तर मधल्या रेषेवरचं मूल चार वर्षांचं होईपर्यंत ती पुरते. युरोपात आर ४४ च्या नव्या सीटा विकणं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं. वापरायला बंदी नाही. भारतात आर ४४ च्याच धर्तीवरचं ‘एआयएस ०७२’ हे मानक आहे. सीटच्या पाठीवर किंवा बुडाखाली नारिंगी लेबल शोधावं: वर्तुळात इंग्रजी ‘ई’, शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक. जर्मनीचा १, नेदरलँड्सचा ४. लेबल नसेल तर ती गादी शिवलेली खुर्ची आहे, एवढंच समजावं. ऑनलाइन पंधराशे रुपयांत पट्ट्यांसह मिळणारी पातळ उशीही याच जातीची.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. तो भरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

सीट चांगली असणं वेगळं आणि ती तुमच्या गाडीत नीट बसणं वेगळं. पाठमोरी कन्व्हर्टिबल सीट रेललेली असते, त्यामुळे ती लांबीत जागा खाते. आपल्याकडच्या हॅचबॅकमध्ये ती मागे बसवली की पुढची सीट दोन-तीन खाचा पुढे सरकवावी लागते, आणि पुढे सहा फुटी माणूस बसत असेल तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून गाडी घेऊन दुकानात जावं आणि पैसे देण्याआधी सीट गाडीत बसवून पाहू द्या म्हणावं. खळखळ करणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान पाहावं. बसवताना पाठमोरी बसवावी, कारण पुढे तोंड करून ती कुठल्याही गाडीत बसते.

गाडीच्या पट्ट्याने सीट बांधायची असेल तर पाठमोऱ्या बैठकीत पट्टा जास्त लांब लागतो. जुन्या छोट्या गाड्यांमध्ये तो चार बोटं कमी पडतो आणि बकल लागतच नाही. सीटवर पट्टा ओवायच्या खाचा रंगवलेल्या असतात: आर ४४ च्या सीटवर पाठमोऱ्यासाठी निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. चुकीच्या रंगातून ओवलेला पट्टाही ‘टक्’ आवाज करून लागतो, हीच यातली मेख. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीत आणि बैठकीच्या फटीत दडलेल्या दोन पोलादी कड्या, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. सीटचे दोन दांडे त्यांत अडकले की चुकायला वाव कमी. पण दोन कड्यांवर सीट पुढे झुलते, म्हणून तिसरा आधार लागतो: वरून बांधायचा पट्टा, किंवा खाली गाडीच्या फरशीला टेकणारा पाय. फरशीत सामानाचा कप्पा असेल तर पाय तिथे टेकवता येतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत बघावं. गाडीच नवी घेणार असाल तर भारत एनकॅपचा अहवाल वाचा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या या चाचण्यांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेला वेगळे ४९ गुण आहेत, आणि त्यातले १२ बालसीट गाडीत किती नीट बसतात यालाच.

बसवताना लाजायचं नाही. मागचं दार उघडून एक गुडघा सीटमध्ये रोवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि पट्टा ताणायचा; मग जिथून पट्टा ओवला तिथे सीट धरून हलवायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा सोडून बांधायची. तान्ह्या बाळासाठी सीट पुरेशी रेललेली हवी, नाहीतर झोपेत हनुवटी छातीवर पडून श्वास कोंडतो. सीटवर त्यासाठी रेष किंवा पातळी दाखवणारी खूण असते, आणि ती पाहताना गाडी सपाट जागी उभी हवी, सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर नको. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यावेत. पुढे तोंड केलं की रेषेत किंवा जरा वरून. अडीच किलोच्या बाळाला घरी आणायचं असेल तर सर्वांत खालची खाच त्याच्या खांद्यांच्या वर राहत नाही ना, हे आधी पाहावं. पट्टे आवळून झाले की खांद्यावर चिमटीत पकडून पाहायचं. चिमटीत कापड आलं तर आणखी आवळायचं. जाड स्वेटर, दुपट्याची घडी, आजीने हौसेने शिवलेली छोटी गोधडी यांतलं काहीही पट्ट्याखाली नको. पट्टे आधी, पांघरूण वरून. आणि चालू एअरबॅगच्या समोर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, पाठमोरी सीट कधीच नको: फुगणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे पाय मागच्या सीटला टेकायला लागले की घरात सीट फिरवण्याची चर्चा सुरू होते. पाय टेकणं ही मर्यादा नाही. मुलं मांडी घालून बसतात, पाय वर टाकतात, त्यांना त्याची अडचण वाटत नाही. वाटते ती बघणाऱ्यांना. मर्यादा डोक्याची: बहुतेक सीटांमध्ये डोक्याच्या वर सीटची पाठ अडीच सेंटिमीटर तरी उरायला हवी. रडण्याचं मात्र खरं. पाठमोऱ्या मुलाला पुढे बसलेले आईबाप दिसत नाहीत. आपल्याकडे त्यावर उपाय घरातच असतो, आजी किंवा आत्या मागे शेजारी बसते. फक्त तिला आधी सांगून ठेवावं की खंबाटकी घाटात मूल कितीही कळवळून रडलं तरी बकल सोडून मांडीवर घ्यायचं नाही; गाडी बाजूला थांबवायची, घ्यायचं, शांत करायचं, परत बांधायचं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी असं थांबणं तसंही बरं.

उन्हाळ्याचा विचार विलायती पुस्तिकांत फारसा नसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं बकल मांडीला चटका देण्याइतकं तापतं. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवावा, बसवण्याआधी बकलला हात लावून पाहावा, कापड फिकट घ्यावं. मूल गाडीत एकटं मात्र सोडू नये, दोन मिनिटांसाठीही नाही.

वापरलेली सीट घ्यावी का? सख्ख्या बहिणीची असेल, तिच्या गाडीला कधी अपघात झालेला नसेल, पुस्तिका जपलेली असेल आणि बुडाखाली छापलेली मुदत उलटलेली नसेल, तर खुशाल घ्यावी. ही मुदत बहुतेक सीटांना सहा ते दहा वर्षांची असते; ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ होतं. अनोळखी माणसाची सीट घेऊ नये. मोठी धडक सोसलेल्या प्लास्टिकची तडे गेलेली आतली बाजू बाहेरून दिसत नाही, आणि विकणारा ती सांगत नाही. स्वतःची सीट बाद झाली की भंगारवाल्याला देण्याआधी पाचही पट्टे कात्रीने कापून टाकावेत आणि पाठीवर मार्करने ‘बाद’ लिहावं. नाहीतर ती पुढच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पुसूनपासून विक्रीला ठेवलेली असेल, आणि कुणीतरी आठशे रुपयांवरून घासाघीस करत असेल.